काही आढळले नाही

दिवाळी अंकासाठी नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, असं संपादकबाई फोनवर म्हणाल्या. परदेशात गेलेल्यांच्या फजित्या वाचायला लोकांना आवडतात. फजित्या माझ्याकडे पुष्कळ आहेत, एक-दोन सांगतेही. पण मी त्यांना तेव्हाच म्हटलं की मला एक वेगळीच गोष्ट लिहायची आहे, नाही आवडली तर परत पाठवा. ती लिहिल्याशिवाय बाकीचं काही माझ्याच्याने लिहवणार नाही.

माझं नाव सोडून या लेखातली सगळी नावं बदललेली आहेत. ज्या दोघींबद्दल लिहिलंय त्यांना मजकूर आधी पाठवला. एकीचं उत्तर दोन शब्दांचं आलं, "छापा खुशाल." दुसरीने वकिलामार्फत हरकत नसल्याचं कळवलं. कोर्टाचं काम आटोपलेलं आहे.

मी कॅल्गरीत सेटलमेंट वर्कर होते. हा हुद्दा भारतातल्या नातेवाइकांना मला कधीच नीट समजावता आला नाही. माझी नणंद अजून लोकांना सांगते की वहिनी इमिग्रेशनमध्ये ऑफिसर आहे. तसं काही नव्हतं. कॅनडात नव्याने उतरलेल्या माणसाला हेल्थ कार्ड कुठे मिळतं, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, बेसमेंट भाड्याने घेताना काय बघायचं, विंटर टायर्स कधी लावायचे, हे सांगणारी एक संस्था, आणि त्या संस्थेत मराठी-हिंदी बोलणारी मी. नागपूरहून आलेले एक इंजिनियर पहिल्याच नोव्हेंबरात तक्रार घेऊन आले की त्यांच्या घरासमोरच्या फुटपाथवरचा बर्फ तीन दिवस कुणी उचललेला नाही, अर्ज कुठे करायचा. मी म्हटलं, अहो, तो तुम्हीच शोव्हल करायचा असतो, नाहीतर दंड होतो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे फुटपाथ सरकारचा, बर्फ देवाचा, आणि फावडं माझं?"

अशा माणसांवर दिवस चांगले जायचे. काम मला जमत होतं. लोक दुसऱ्या काउंटरवर रांग नसतानाही माझ्यासाठी थांबायचे. याचा मला अभिमान होता, तो लपवत नाही.

मग काही वर्षांपूर्वी आमच्या प्रांतात एक कायदा आला. आपण ज्याच्याबरोबर राहतो किंवा राहायचा विचार करतो, त्या माणसाने आधी कुणा जोडीदाराला मारहाण केली आहे का, हे पोलिसांना रीतसर विचारता येतं. ऑनलाइन अर्ज करायचा. स्वतःची ओळख पटवायची, त्याचं नाव, जन्मतारीख द्यायची, आणि तुमच्याशी कुठल्या नंबरवर बोललं तर त्याला कळणार नाही तेही लिहायचं. पोलीस रेकॉर्ड तपासतात, धोका किती ते ठरवतात आणि समोर बसवून सांगतात. तोंडी. हातात कागद देत नाहीत, फोन बाहेर ठेवावा लागतो, आणि ऐकलेलं बाहेर कुणाला सांगणार नाही अशी सही करावी लागते. त्या माणसाला यातलं काहीही कळवलं जात नाही. अर्ज करणाऱ्या बाईला सोबत एक माणूस नेता येतो. आपल्याकडच्या बायका आल्या की ते सोबतचं माणूस मी असायचे.

कायद्याची बातमी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली आणि दुसऱ्याच आठवड्यात एक गृहस्थ भेटायला आले. मुलीसाठी स्थळ बघत होते. मुलगा एडमंटनला. "माधुरीताई, या कायद्यात पगार कळतो का हो?" मी नाही म्हटलं. "बरं, व्हिसाची कॅटेगरी?" तेही नाही. मग त्यांनी जरा वाकून विचारलं, "मग कळतं तरी काय?" मी सांगितल्यावर म्हणाले, "छे छे, तसलं काही नाहीये हो, घराणं चांगलं आहे."

हसण्यासारखं इथपर्यंतच. एक हैदराबादची बाई होती. तिला पोलिसांनी स्पष्ट सांगितलं की धोका मोठा आहे, याआधी दोघीजणींच्या बाबतीत त्याच्यावर केसेस झालेल्या आहेत. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "अब पता चल गया ना दीदी, अब मैं संभलके रहूँगी." आणि घरी गेली. दुसरी एक मुलगी लिफ्टमध्ये चार मजले गप्प होती. खाली उतरल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं की जवळपास नवीन सिमकार्ड कुठे मिळेल. ती सुटली. तिचं आठवलं की आजही बरं वाटतं.

बाहेरच्या माणसाला या कामातली एक गोष्ट लक्षात येत नाही. पोलिसांच्या रेकॉर्डमध्ये माणूस कसा आहे ते नसतं. त्याच्याबद्दल कधीकाळी कुणी पोलिसांना काय सांगितलं, तेवढंच असतं. कुणी काहीच सांगितलं नसेल तर उत्तर येतं, काही आढळले नाही. हे वाक्य सांगताना अधिकारी दर वेळी पुढे जोडतात की आढळलं नाही याचा अर्थ घडलं नाही असा घ्यायचा नाही. हे दुसरं वाक्य कुणी ऐकत नाही. पहिलं ऐकलं की चेहरा मोकळा होतो आणि कान बंद.

आता अर्चनाबद्दल.

हा कायदा यायच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट. मला नोकरीत जेमतेम दोन वर्षं झाली होती. अर्चना आमच्याच मंडळातली, मूळची नागपूरची, तिकडे शाळेत शिकवायची. नवऱ्याच्या वर्क परमिटवर इकडे आली होती, दोघांचा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज चालू होता. नवऱ्याला मी इथे निखिल म्हणते. ती ऑफिसात आली तेव्हा कानामागे चिकटपट्टी होती आणि केस त्यावर ओढून घेतले होते. इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, "नाइन वन वनला फोन केला तर नक्की काय होतं?"

मी तिला खरं तेच सांगितलं. म्हटलं, पोलीस येतात. मारहाण दिसली तर गुन्हा नोंदवायचा का नाही हे तेच ठरवतात, तू नंतर नको म्हणालीस तरी थांबत नाहीत. त्याला घराबाहेर काढतात. शिक्षा झाली तर त्याचा पीआर अडकतो, आणि तुझा अर्ज त्याच्या अर्जाला जोडलेला आहे. यातला शब्दन् शब्द बरोबर होता. तिच्यासाठी शेल्टर आहे, फुकट वकील मिळतो, अत्याचार झालेल्या जोडीदाराला स्वतःच्या नावावर इथे राहण्याची परवानगी मागता येते, हेही तितकंच खरं होतं. ते मी सांगितलं नाही. म्हणजे एकदम खोटं बोलले असंही नाही, त्याची माहितीपत्रकं माझ्या मागच्या फळीवर होती. मला वाटलं, आपल्यातलं भांडण आहे, सरळ पोलिसांत कशाला. मी म्हटलं, "थांब. आधी घरी बसून बोलू. माझ्याकडे या रविवारी."

आपल्याकडे हे असंच करतात. चार मोठी माणसं बसतात, दोघांना समोर बसवतात, त्याला दोन शब्द सुनावतात, तिला चार समजुतीचे सांगतात. रविवारी माझ्या बेसमेंटमध्ये मी, माझे यजमान श्रीकांत आणि मंडळातले एक ज्येष्ठ काका बसलो. मी पोहे केले होते. निखिल आला तो खाली मान घालूनच. कामाचा ताण, एकटेपणा, पहिला विंटर, असं बरंच बोलला आणि मग रडला. पुरुष माणूस समोर बसून रडायला लागला की सगळ्यांना वाटतं झालं, सुटला प्रश्न. काकांनी सुचवलं, लेखी असू दे. त्याने कागदावर लिहून दिलं की यापुढे अर्चनावर हात उचलणार नाही. आम्ही तिघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. अर्चनाला सही करायला कुणी सांगितलंच नाही. तो कागद मी कपाटात ठेवला.

सोमवारी ऑफिसच्या सिस्टीममध्ये तिच्या फाइलवर मी एक वाक्य टाइप केलं. मराठीत सांगायचं तर, 'कुटुंब आणि समाजाच्या आधाराने प्रश्न मिटला.' फाइल बंद. त्या वर्षीच्या माझ्या कामाच्या आढाव्यात या वाक्याचं कौतुक झालं होतं.

तीन-चार महिन्यांनी अर्चनाचा फोन आला. म्हणाली, आईला बरं नाही, नागपूरला निघालेय. मी म्हटलं, काळजी घे, आणि मग न राहवून विचारलं, आता घरी कसं आहे?

"कागद लिहून दिल्यापासून तो चेहऱ्यावर मारत नाही."

तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, कुणी भाजी आता बरी मिळते असं सांगावं तसं. मी काय म्हटलं ते मला नीट आठवतं. मी म्हटलं, "बरं, पोचलीस की कळव." ती परत आली नाही. घटस्फोट तिकडेच झाला. मंडळात सगळे म्हणायचे, तिचं इथे मन रमलं नाही, थंडी सोसली नाही. माझ्यासमोर म्हणायचे आणि मीही मान हलवायचे. एक-दोनदा मीच म्हटलंय.

निखिलला पीआर मिळाला, पुढे सिटिझनशिप मिळाली. गणपतीच्या सजावटीला सगळ्यांच्या आधी हजर. म्हाताऱ्यांचे ड्राइव्हवे शोव्हल करून द्यायचा, कुणाच्या आई-वडिलांना एअरपोर्टवरून आणायचं असलं की गाडी ह्याचीच. श्रीकांतच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर ग्रोसरी त्याने आणून दिली. मी स्वतःला सांगत आले की माणूस बदलतो. बदलला असेल का, हे मी कधी तपासून पाहिलं नाही. तपासायचं म्हणजे नागपूरला एक फोन करायचा होता.

मृण्मयी माझ्याकडे आली ती एका दुपारी, लंच ब्रेकमध्ये, हातात कॉफीचा कप घेऊन. पुण्याची, तिशीतली, डाउनटाउनला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. मंडळाच्या कोजागिरीला मी तिला पाहिलं होतं. म्हणाली, लग्न ठरतंय, त्याआधी तो पोलिसांचा अर्ज करायचाय. मी विचारलं, काही झालंय का? तिने जरा विचार केला. म्हणाली, बॅन्फहून येताना पेट्रोल भरायला थांबले होते, ती वॉशरूमला गेली, बाहेर आली तर गाडी नाही. फोन आणि जॅकेट गाडीत. दहा मिनिटांनी तो परत आला, हसत होता. म्हणाला, तुझा चेहरा बघायचा होता.

"ते हसण्यासारखं होतं का नाही, तेच मला ठरवता येईना," ती म्हणाली. "मी टेस्टर आहे ना ताई. प्रॉडक्शनला जायच्या आधी सगळं एकदा तपासून घेते." मग कप खाली ठेवून तिने त्याचं नाव सांगितलं. "तुम्ही ओळखताच त्यांना. पहिली बायको थंडी सोसली नाही म्हणून परत गेली म्हणे."

आमच्या ऑफिसचा नियम सोपा होता. प्रकरणातलं माणूस ओळखीचं निघालं की फाइल दुसऱ्या वर्करकडे द्यायची, कारणसुद्धा सांगावं लागत नाही. माझी सुपरवायझर ग्रेस, फिलिपीन्सची, मायाळू बाई, तिला मी नुसतं जाऊन सांगायचा अवकाश होता. मी सांगितलं नाही. नंतर ग्रेसने विचारलं तेव्हा मी म्हटलं की मुलीला मराठी बोलणारं कुणी हवं होतं. ते खरं कारण नव्हतं. दुसऱ्या वर्करने त्याचं नाव सिस्टीममध्ये घातलं असतं तर अर्चनाची फाइल वर आली असती, आणि फाइलच्या शेवटी माझं ते वाक्य. ते कुणी उघडू नये म्हणून मी मृण्मयीचं काम स्वतःकडे ठेवून घेतलं. हे मी इतकं उघडपणे स्वतःशीही कधी म्हटलं नव्हतं. आज लिहिताना म्हणतेय.

अर्ज मीच शेजारी बसून भरून घेतला. एका रकान्यात विचारलेलं असतं की या माणसाच्या वागण्याबद्दल तुम्हाला आणखी काय माहीत आहे. तिने पेट्रोल पंपाचं लिहिलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "एवढंच. पुरे ना?" मी म्हटलं, पुरे.

काही आठवड्यांनी पोलिसांनी बोलावलं. लहानशी खोली, एक टेबल, टिश्यूचा डबा. साध्या कपड्यातली एक अधिकारी बाई समोर बसली. आवाज मऊ होता. तिने सांगितलं की आमच्याकडे जे उपलब्ध आहे ते सगळं तपासलं, या माणसाबाबत सांगण्यासारखं काही आढळलं नाही. मग ते दुसरं वाक्य, की याचा अर्थ धोका नाही असा घेऊ नका, तुम्हाला जे वाटतंय त्यावर विश्वास ठेवा, आणि इतर देशांतलं रेकॉर्ड आमच्याकडे नसतं.

मृण्मयीने सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची जरा वळवून माझ्याकडे बघितलं आणि मराठीत विचारलं, "ताई, म्हणजे सगळं ठीक आहे ना?"

ती अधिकारी बाई थांबली. तिला वाटलं, मी भाषांतर करणार आहे. मला बोलायला वेळ होता. त्या खोलीत, त्या क्षणी, बोलायला जगातला सगळा वेळ होता. एका क्लायंटची माहिती दुसरीला देता येत नाही, हा नियम मला ठाऊक होता. पण मी या प्रकरणातून बाजूला होतेय, का ते मला सांगता येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी हुशार मुलगी होती ती, तिला कळलं असतं. किंवा त्या अधिकारी बाईला म्हटलं असतं की मला तुमच्याशी वेगळं बोलायचंय. माहिती द्यायला पोलिसांनी कुणाला कधी मना केलेलं नाही.

मी म्हटलं, "हो, ठीक आहे म्हणायचं."

तिने सुस्कारा सोडला. बाहेर आल्यावर मला मिठी मारली. लग्न कोर्टात झालं, जेवण मंडळाच्या हॉलमध्ये. मी आणि श्रीकांत गेलो होतो. आहेर काय दिला तेही आठवतं, पण लिहवत नाही.

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष मी तिला पाच-सहा वेळा पाहिलं असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली होती. मी कुंकू लावायला हात पुढे केला तर तिने आधी डोळे घट्ट मिटले. मी कुंकू लावलं, तिळगूळ दिला, पुढच्या बाईकडे वळले. घरी येऊन श्रीकांतला म्हटलं की मृण्मयी बारीक झालीय. तो म्हणाला, नवीन लग्न आहे, दमत असेल. आम्ही दोघं त्यानंतर बराच वेळ टीव्ही बघत बसलो. त्या कागदावर त्याचीही सही होती. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो, तेव्हाही बोललो नाही.

मार्चमध्ये एका सकाळी ग्रेसने मला केबिनमध्ये बोलावलं. एका हॉस्पिटलच्या सोशल वर्करचा फोन आला होता. पेशंटने आमच्या ऑफिसचं नाव सांगितलं होतं. उजवा दंड मोडला होता, दोन बरगड्या. शेजारच्या घरातल्या माणसाने आवाज ऐकून नाइन वन वनला फोन केला होता. नवरा कस्टडीत. ग्रेस म्हणाली, "तुझीच क्लायंट होती ना? त्या पोलिसांच्या अर्जाची?"

मी दार लावून घेतलं आणि तिला म्हटलं, एक जुनी फाइल उघड. नाव सांगितलं. तिने स्क्रीनवर वाचलं. शेवटचं वाक्य तिने दोनदा वाचलं असावं, कारण डोळे तिथेच होते. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू हे लिहिलंस तेव्हा तुला माहीत होतं, मिटलेलं नाही म्हणून?" मी म्हटलं, लिहिलं तेव्हा वाटत होतं मिटलंय. तीन-चार महिन्यांनी कळलं. तिने विचारलं, मग ते कुठे लिहिलंयस? कुठेच नव्हतं.

मला काढून टाकण्याआधी मीच राजीनामा दिला, असं मंडळात लोकांना वाटतं. तसं नाही. मला काढूनच टाकलं, आणि ते बरोबर होतं.

त्या आठवड्यात मी पोलिसांना जाऊन जबाब दिला. बेसमेंट, पोहे, काका, सह्या, फोनवरचं ते वाक्य, सगळं. कागद दिला. डिटेक्टिव्ह तरुण होता. त्याने मराठी कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला आणि विचारलं, याचा उपयोग काय होईल असं तुम्हाला तेव्हा वाटलं होतं? तो टोमणा मारत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मी समजावू लागले की आमच्यात अशी पद्धत आहे, मोठ्यांसमोर शब्द दिला की माणूस तो मोडायला कचरतो. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं. मी थांबले. त्याने विचारलं, पहिल्या पत्नीशी संपर्क होईल का?

नागपूरचा नंबर मिळायला दोन दिवस लागले. अर्चना पुन्हा शिकवते, आता एका शाळेत पर्यवेक्षिका आहे. मी नाव सांगितल्यावर ती एकदम म्हणाली, "हं, बोला काकू." पूर्वी ताई म्हणायची. मी सगळं सांगितलं, मृण्मयीचं, हाताचं, त्या खोलीतलं. तिकडे मधल्या सुट्टीचा गलका चालू होता. ती कुणाला तरी "रांग सोडू नका" म्हणून ओरडली आणि मग परत माझ्याशी बोलली.

"मी तुमच्या घरी नव्हते आले काकू. मी तुमच्या ऑफिसात आले होते. घरी तुम्ही बोलावलंत."

मी म्हटलं, हो.

"पोहे चांगले झाले होते तुमचे. मला घास गिळवत नव्हता आणि तो दुसऱ्यांदा मागून खात होता. तुम्ही वाढलेत. देते मी जबाब. व्हिडिओवर चालत असेल तर देते. पण तुमच्यासाठी देत नाहीये, एवढं लक्षात असू द्या. आणि त्या मुलीला एकदा सांगा, की मला थंडी आवडायची."

तिने जबाब दिला. आता त्या माणसाबद्दल कुणी विचारलं तर पोलिसांकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

मृण्मयीला भेटायची मागणी मी केली नव्हती. तिनेच सोशल वर्करमार्फत निरोप पाठवला की अमुक दिवशी सकाळी प्लास्टर तपासायला हॉस्पिटलमध्ये येणार आहे, तिथे वेटिंग एरियात भेटा. राहायची जागा तिने सांगितली नाही, आणि सांगू नये तेच योग्य. मी अर्धा तास आधी जाऊन बसले. ती आली. जॅकेटची डावी बाही घातलेली, उजवी नुसती खांद्यावर टाकलेली, आत गळ्यात अडकवलेलं प्लास्टर. एक खुर्ची मध्ये सोडून बसली. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली.

"ताई, त्या दिवशी त्या बाईने इंग्रजीत जे सांगितलं ते मला सगळं कळलं होतं. मी सहा वर्षं इंग्रजीत काम करते."

मी मान हलवली.

"मग तुम्हाला मराठीत का विचारलं असेल मी?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं, पण ते द्यायचा मला अधिकार नव्हता. तिनेच पुढे विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"किती?"

मग मी तिला सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलंय त्याच क्रमाने. फाइल कुणी उघडू नये म्हणून तिचं काम स्वतःकडे ठेवलं, हेही. अर्चनाचा निरोपही दिला. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. समोरच्या टीव्हीवर आवाज बंद करून हवामान चालू होतं, ती तिकडे बघत होती. माझं झाल्यावर मी म्हटलं की माझी चूक झाली. हे म्हणताना ते किती लहान वाटतं, हे ज्याला म्हणावं लागलंय त्यालाच कळेल.

ती म्हणाली, "पंपावर मी दहा मिनिटं उभी होते ना, तेव्हा मला खरं कळलं होतं. नंतर मी फक्त कुणीतरी नाही म्हणायची वाट बघत होते." आणि मग, "किंवा हो म्हणायची."

तिचं नाव पुकारलं. ती आत गेली, वीस मिनिटांनी परत आली. मी तिथेच होते. बाहेर उणे अठरा होतं, वारा सुटला होता, आणि तिला बाहेर रस्त्यापर्यंत जायचं होतं, तिथे कुणी तरी न्यायला येणार होतं. ती जॅकेटची चेन डाव्या हाताने लावायला बघत होती. एका हाताने ती लागत नाही, खालचं टोक कुणीतरी धरावं लागतं. दोनदा सुटली. मी उठून पुढे झाले आणि हात पुढे केला.

ती मागे सरकली. फार नाही, अर्धं पाऊल. मग वळून काउंटरवर गेली आणि तिथल्या बाईला म्हणाली, "सॉरी, कुड यू हेल्प मी विथ धिस?" ती बाई काउंटरला वळसा घालून बाहेर आली, वाकली, खालचं टोक धरलं आणि चेन हनुवटीपर्यंत ओढून दिली. मृण्मयी तिला थँक यू म्हणाली. मग माझ्या शेजारून, माझ्याकडे न बघता, दाराकडे चालत गेली.